खेचरांच्या जुन्या वाटेने खिंडीपर्यंत: पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी

डोंगरात नव्याने जाऊ लागलेल्यांना मी शिखर नाही, खिंड सुचवतो. शिखराची वाट कुणीतरी हौसेने काढलेली असते, खिंडीची वाट पोटासाठी. मीठ, धान्य, लोकर, कापड एका खोऱ्यातून पलीकडच्या खोऱ्यात न्यायचं, तेही दर हंगामात, पुन्हा पुन्हा. लादलेलं खेचर घसरलं तर जनावरही जायचं आणि मालही. म्हणून अशा वाटेचा चढ, वळणं, पाण्याच्या जागा, सगळं खेचराच्या हिशोबाने ठरलेलं असतं. स्पॅनिशमध्ये या वाटेला ‘कामिनो दे एर्रादुरा’ म्हणतात, म्हणजे नालाची वाट. इटालियनमध्ये ती ‘मुलात्तिएरा’, खेचराच्या नावावरूनच. पायांत नाल ठोकलेलं जनावर जिथून जाऊ शकतं तिथून धडधाकट माणूस नक्की जाऊ शकतो. नवख्याला यापेक्षा मोठा दिलासा नाही.

अडचण इतकीच की यातल्या बऱ्याच वाटा मोडल्या आहेत. गाडीरस्ते आले, तांडे थांबले, दरडी कोसळल्या, झुडपं माजली. त्यामुळे इथे दमसासाइतकीच वाट वाचण्याची सवय लागते.

आधी वाट ओळखायला शिका

खेचराच्या दोन्ही अंगांना गोण्या असतात, म्हणून वाट साधारण दीड-दोन मीटर रुंद ठेवावी लागते. चढ बहुतेक ठिकाणी शंभर मीटरमागे दहा-पंधरा मीटर, फार तर वीस. डोंगर त्याहून उभा झाला की वाट नागमोडी होते. वळणाच्या कोपऱ्यात जागा मुद्दाम जास्त सोडलेली असते, कारण पाठीवर ओझं असलेलं जनावर जागच्या जागी वळत नाही. दरीच्या बाजूला चुना-माती न वापरता रचलेला गडगा असतो. वाट कितीही बुजली तरी हा गडगा शेवटपर्यंत तग धरतो, तेव्हा त्याच्याकडे नजर ठेवायची सवय लावून घ्या. फक्त त्याच्या कडेवर उभं राहून फोटो काढू नका. आतली माती वाहून गेलेली असली तर वरून काहीच कळत नाही.

वाटेवर थोड्याथोड्या अंतराने दगडांची एक तिरकी ओळ रोवलेली दिसेल, फरशीपेक्षा बोटभर उंच. पहिल्यांदा मला वाटलं, पायरी तुटून उरलेली असेल. ती पन्हळ असते. पावसाचं पाणी वाटेवरून न धावता तिथून दरीकडे वळावं म्हणून. या ओळीवर पाय देऊ नका, ओलांडून जा. ओली असेल तर घसरते, आणि तिच्यातला एक दगड निखळला की पाणी सरळ वाटेवरून वाहायला लागतं. दोन पावसाळ्यांत वाटेचा ओढा होतो. दोन वळणांमधून सरळ वर घुसणारे ‘शॉर्टकट’ही हेच करतात. तिथली माती सुटते आणि खालच्या वळणाचा गडगा घेऊन जाते. त्यातून वेळही फारसा वाचत नाही, वर पोचून धाप लागते ती वेगळीच.

पायऱ्या असतील तर त्या बुटक्या आणि लांब असतात. माणसाच्या एका ढांगेला जास्त, दोन पावलांना अपुऱ्या. त्यामुळे वर चढणारा पाय दरवेळी तोच पडतो. अधूनमधून एक पाऊल जादा टाकून पाय बदला, नाहीतर संध्याकाळी एकच गुडघा बोलायला लागतो.

प्रत्येक जुनी वाट मात्र खेचराची नसते. दक्षिण अमेरिकेतले इंकांचे रस्ते माणसांसाठी आणि लामांसाठी बांधलेले होते. लामा खेचराच्या मानाने फारच थोडं ओझं नेतो, पण पायऱ्या सहज चढतो. म्हणून त्या रस्त्यांवर शेकडो उभ्या पायऱ्या आहेत, आणि नंतर आलेल्या स्पॅनिश घोडेस्वारांना त्या नकोशा झाल्या. अशी पायऱ्यांची वाट निवडलीत तर पुढचे हिशोब थोडे वाढवून धरा.

घरी बसून करायचं काम

नकाशावर खिंड ओळखणं सोपं आहे. दोन शिखरांभोवतीच्या समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, जिथे एकमेकींकडे झुकतात आणि मध्ये डमरूची कंबर तयार होते, ती खिंड. वाट दोन्ही बाजूंनी त्या कंबरेकडे येते. आता तिच्यावरून बोट फिरवा आणि पाहा, ती रेषांना तिरकी कापते की सरळ. बराच वेळ सरळ कापत असेल तर एकतर ती खेचरवाट नाही, किंवा नकाशा काढणाऱ्याने वळणं गाळली आहेत.

वेळेचा अंदाज काढायला विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये मांडलेला नियम अजून पुरतो: दर 5 किलोमीटरला एक तास, आणि दर 600 मीटर चढाईला वरून आणखी एक तास. समजा खिंड 9 किलोमीटरवर आहे आणि 1200 मीटर चढायचं आहे. चालण्याचे पावणेदोन तासांहून थोडे जास्त, चढाईचे दोन, म्हणजे जेमतेम पावणेचार-चार तास. पण हा सरावलेल्या माणसाचा न थांबता चालण्याचा वेळ झाला. नवख्याने त्याची दीडपट धरावी. मग सहा तास होतात. उतरायला चार. दिवस भरला.

हे गणित कागदावर मांडल्यावर एक वेळ ठरवा: अमुक वाजेपर्यंत खिंडीत पोचलो नाही तर जिथे असू तिथून मागे. ही वेळ घरीच ठरवायची आणि घरच्या माणसाला सांगून जायची. वर गेल्यावर, खिंड समोर दिसत असताना, कुणाचंच डोकं ताळ्यावर नसतं. ‘एवढंच तर राहिलंय’ या वाक्याने जितकी माणसं अंधारात अडकवली तितकी धुक्यानेही अडकवली नसतील.

कुणीतरी चालून नोंदवलेला जीपीएस ट्रॅक फोनवर उतरवून घ्या, नकाशाही ऑफलाइन ठेवा, पण कागदी नकाशा सॅकमध्ये असू द्या. थंडीत फोनची बॅटरी चटकन उतरते. ट्रॅकची तारीख आवर्जून पाहा. तीन वर्षांपूर्वी शाबूत असलेला ओढ्यावरचा पूल आज असेलच असं नाही. सगळ्यात ताजी खबर त्या उतारावर गुरं-मेंढरं चारणाऱ्यांकडे असते. त्यांना ‘वाट आहे का?’ असं विचारू नका, उत्तर ‘आहे की’ असंच येतं. ‘लादलेलं जनावर शेवटचं कधी गेलं या वाटेने?’ असं विचारा.

ओझं

लादणाऱ्यांचा जुना अनुभव असा की खेचराने स्वतःच्या वजनाच्या पाव हिश्शाच्या आसपास ओझं घेतलं की ते दिवसभर चालतं. बऱ्याच खेचरांना ते 70 ते 90 किलोंच्या घरात बसतं. हा हिशोब मोडला की काय होतं ते 1897-98 मध्ये अलास्काच्या व्हाइट पासवर दिसलं. सोन्याच्या शोधात निघालेल्या अननुभवी माणसांनी बेसुमार लादलेली सुमारे 3000 जनावरं त्या वाटेवर मेली. त्या वाटेला आजही मेलेल्या घोड्यांच्या नावाने ओळखतात.

माणसाने एका दिवसाच्या चालीसाठी स्वतःच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाच्या फार पुढे जाऊ नये. साठ किलोच्या माणसाला सहा-सात किलोंची सॅक, पाण्यासकट. त्यात काय? एक गरम थर, वारा आणि पाऊस अडवणारं जाकीट, टोपी, हातमोजे, हेडटॉर्च, शिट्टी, प्रथमोपचाराची पिशवी, नकाशा, खाणं. उन्हाळा असला तरी हातमोजे हवेतच, ते का ते खिंडीत पोचल्यावर कळेल. पाणी तासाला अर्धा लिटर धरा. वाटेत झरे असले तरी ते पाणी तसंच पिऊ नका. वर कुठेतरी जनावरं चरत असतात. एक मिनिट खळखळून उकळा, 2000 मीटरच्या वर तीन मिनिटं, कारण उंचीवर पाणी कमी तापमानालाच उकळतं. उकळणं जमणार नसेल तर फिल्टर किंवा गोळ्या.

बूट नवे असतील तर आधी दोन-तीन आठवडे रोज वापरा. आणि निघण्याच्या आदल्या दिवशी पायांची नखं कापा. हा सल्ला ऐकून लोक हसतात. उताराला दर पावलाला नख बुटाच्या टोकावर आपटायला लागलं की हसू थांबतं.

चढताना

पहाटे निघा. उन्हाळ्यात बऱ्याच डोंगरांत दुपारनंतर ढग दाटतात आणि विजा पडतात. तोवर तुम्ही खिंड ओलांडून किंवा शिवून खाली यायला लागलेले असायला हवं.

पहिला अर्धा तास इतकं हळू चाला की लाज वाटेल. खेचर चढाला घाई करत नाही, थांबतही नाही. एकाच लयीत जातं, आणि ही वाट त्याच लयीसाठी बांधली आहे. बोलता येईल इतपतच दम लागू द्या. वाक्य पुरं होत नसेल तर वेग जास्त आहे. पळत वर जाऊन दगडावर कोसळायचं, पुन्हा पळायचं, असं केलं की अकरा वाजताच पायांत गोळे येतात. विश्रांती तासातून एकदा, पाच-सात मिनिटं, आणि शक्यतो उभ्यानेच. नेपाळच्या वाटांवर यासाठी चौतारे बांधलेले असतात: झाडाखाली दगडी ओटा, हमालाला पाठीवरचं ओझं न उतरवता नुसतं टेकवता येईल अशा उंचीचा. एकदा खाली बसलं की उठणं महाग पडतं, हे त्या बांधणाऱ्यांना माहीत होतं.

घाम निथळायच्या आधी एक थर काढा आणि थांबायच्या आधी अंगात चढवा. उलटं केलं तर ओला सदरा पाठीला चिकटून गार पडतो.

जनावरं समोरून आली तर

काही वाटा अजून चालत्या आहेत. ग्रँड कॅन्यनच्या तळाशी असलेल्या सुपाई गावाची टपाल आजही खेचरांवरून जाते. नेपाळमध्ये तर खेचरांचे तांडे रोजचे आहेत, आणि घंटांचा आवाज वळणाच्या बराच आधी कानावर येतो.

आवाज आला की डोंगराच्या बाजूला सरका. दरीच्या बाजूला कधीही नाही. नवखा माणूस सौजन्य म्हणून नेमका बाहेरच्या कडेला उभा राहतो, आणि खेचर चालतं तेही बाहेरच्याच कडेने, कारण आतून गेलं तर गोणी कातळाला घासते. त्याला तुमच्यापायी थांबायची सवय नसते. गोणीचा एक धक्का पुरतो. शांत उभे राहा, काठ्या खाली धरा, फडफडणारा प्लास्टिकचा रेनकोट अंगाशी घ्या. मधून घुसू नका, मागच्या पायांजवळ जाऊ नका, हात लावू नका. शेवटचं जनावर आणि त्यामागचा माणूस पुढे गेला की मगच निघा. मागून येऊन तांड्याला गाठलंत तर हाकणाऱ्याने सांगेपर्यंत मागेच राहा. तेवढीच विश्रांती.

वाट हरवली तर

हा भाग नीट वाचा, बाकीचं विसरलात तरी चालेल.

एका घसाऱ्यात माझी वाट तुटली होती. वरून आलेल्या दगडमातीने पन्नासेक मीटरचा पट्टा गिळला होता आणि पलीकडे सरळ पुढे एक स्वच्छ पायवाट दिसत होती. मी बेलाशक त्या पायवाटेला लागलो. दहा मिनिटांनी एका कातळाशी आलो, तिथे हाताने धरून चढावं लागत होतं. चढलोही. पुढे दुसरा कातळ. तेव्हा डोक्यात उजेड पडला की खेचर इथे हात कुठून आणणार? मी शेळ्यांच्या वाटेने आलो होतो. ज्या कातळावर हात धरून चढलो होतो त्यावरून उतरायला चढण्याच्या तिप्पट वेळ लागला. घसाऱ्याशी परत आलो, बसलो, पाणी प्यायलो आणि मग पाहिलं. खरी वाट घसाऱ्याच्या आधीच वळली होती. वळणाच्या कोपऱ्यावर काटेरी झुडूप वाढलेलं, त्याच्या बुडाशी गडग्याचे पाच-सहा दगड, एकावर एक, सरळ रेषेत. डोंगर स्वतःहून दगड असे रचत नाही.

त्या दिवसापासूनची माझी कसोटी एवढीच आहे: हात टेकावे लागले की मी खेचरवाटेवर नाही.

मग काय करायचं? पुढे जायचं नाही. जिथे वाटेबद्दल खात्री होती त्या जागेपर्यंत मागे या, फोनवरचा ट्रॅक पाहा, पण डोळेही वापरा. समोरच्या उताराकडे पाहा. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात जुन्या वाटेची रेघ सावलीने उठून दिसते. वाटेच्या सपाटीवर गवताचा रंगही बाजूच्या उतारापेक्षा वेगळा असतो. दोघं असाल तर एकाने खात्रीच्या जागी उभं राहावं, दुसऱ्याने हाकेच्या अंतरात शोधावं. घसारा ओलांडायचाच असेल तर एकेकाने, वर नजर ठेवून, न रेंगाळता. ताज्या रंगाचे, धारदार कडांचे दगड दिसत असतील तर तो अजून हलता आहे. तिथून माघार.

हंगामाच्या सुरुवातीला वरच्या वळणांत बर्फ साचलेला असतो, विशेषतः सावलीच्या अंगाला. बर्फाने वळणं भरली की वाट राहत नाही, नुसता उभा गुळगुळीत उतार राहतो, आणि सकाळी तो काचेसारखा कडक असतो. बर्फात रोवायची कुऱ्हाड (आइस ॲक्स) आणि ती वापरायचा सराव नसेल तर तुमची खिंड त्या दिवशी तिथेच संपली असं समजा.

उंची

खिंड 2500 मीटरच्या आत असेल तर हा परिच्छेद सोडून द्या. त्याच्या वर विरळ हवेचा त्रास कुणालाही होऊ शकतो, तरुण आणि धडधाकट माणसालाही. डोकं दुखणं, मळमळ, जेवण नकोसं होणं, झोप न लागणं ही सुरुवात. असं झालं की आणखी वर जायचं नाही. चालताना तोल जाऊ लागला, बोलणं असंबद्ध झालं किंवा बसल्या जागी धाप लागली तर रात्र असली तरी लगेच खाली. अनेक दिवसांच्या वाटेवर 3000 मीटरच्या पुढे मुक्कामाची उंची रोज 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नका, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबा. नेपाळमधली ‘थोरोंग ला’ ही खिंड 5416 मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. पहिली खिंड म्हणून ती नक्कीच नको.

खिंडीत

शेवटची दोन वळणं राहिली की थांबा आणि जाकीट तिथेच अंगात घाला. दर 1000 मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, आणि डोंगररांगेवर आदळलेला वारा सगळ्यात खालच्या जागेतून, म्हणजे खिंडीतूनच वाट काढतो. खाली झाडाचं पानही हलत नसताना वर टोपी उडते. हातमोजे इथे लागतात.

खिंड पार करणाऱ्यांना पूर्वी कितपत सोय असायची ते जागेवर अवलंबून. आल्प्समधल्या ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीत, 2469 मीटरवर, अकराव्या शतकापासून वाटसरूंसाठी आसरा आहे. नेपोलियन मे 1800 मध्ये याच खिंडीतून गेला. प्रसिद्ध चित्रात तो उधळलेल्या घोड्यावर दिसतो. प्रत्यक्षात तो खेचरावर बसून, वाटाड्याच्या भरवशावर गेला. नाणेघाटाच्या माथ्याजवळ कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत, आणि जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजणही. सगळ्यांना एकाच तोंडातून जावं लागतं, त्यामुळे पाणी पाजायला आणि पैसे वसूल करायला याहून चांगली जागा नाही. तुमच्या खिंडीत कदाचित नुसती दगडांची रास असेल. तिच्यावर उगीच भर घालू नका. धुक्यात लोक अशा राशींच्या भरवशावर चालतात, आणि चुकीच्या जागी रचलेली रास माणसाला भलतीकडे नेते.

जास्त वेळ काढू नका. वाऱ्याच्या आडोशाला दोन घास खा, पलीकडचं खोरं पाहा, घड्याळ पाहा. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदही गेले नाहीत तर तडक खाली निघा. खिंडीत, एकट्या झाडाखाली किंवा कातळाच्या उथळ कपारीत थांबू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास गेल्याशिवाय पुन्हा वर जाऊ नका.

उतरताना

पडझड बहुतेक उताराला होते, कारण मन घरी पोचलेलं असतं. लोखंडी नालांनी वर्षानुवर्षं घासलेले फरशीचे दगड तुळतुळीत झालेले असतात. कोरडे असताना त्रास नाही, पण पाऊस पडून गेल्यावर किंवा दव असताना त्यांच्यावर पाऊल ठेवणं म्हणजे साबणावर ठेवणं. अशा वेळी दगडाच्या मध्यावर न जाता दोन दगडांमधल्या फटीत टाच बसवा. पावलं लहान टाका, गुडघे किंचित वाकलेले ठेवा, काठ्या चढापेक्षा थोड्या लांब करा. बुटांच्या नाड्या वरच आवळून घ्या, म्हणजे पाऊल पुढे सरकत नाही.

कुणाला इजा झाली आणि फोन लागत नसेल तर शिट्टी किंवा टॉर्चने मिनिटातून सहा वेळा खूण करा, एक मिनिट थांबा, पुन्हा सहा. उत्तर मिनिटातून तीन खुणांनी येतं. ते आल्यावरही खुणा चालू ठेवा, म्हणजे शोधणाऱ्यांना नेमकी जागा कळते.

खाली आल्यावर बूट काढायच्या आधी, ज्याला परतायची वेळ सांगून निघाला होतात त्याला फोन करा. मी एकदा आधी आंघोळ केली होती. तोवर त्याने बचावपथकाला कळवलं होतं.